भाऊजींचा कॅमेरा आणि धुंदली माणसं

यंत्रावर इतका विश्वास ठेवणारा आणि यंत्राला इतका भिणारा माणूस माझ्या भाऊजींनंतर अख्ख्या वर्धा जिल्ह्यात झाला नाही, आणि आता होईल असंही वाटत नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सिंदीला, म्हणजे रेल्वेच्या सिंदीला, कापसाच्या बाजारात ते वजनकाट्यावर असत. सकाळी काट्याला हात जोडल्याशिवाय पहिली बैलगाडी वर घेत नसत, आणि काटा जरा अडखळला की तेल घालायच्या आधी त्यालाच विचारत, "काय झालं बाप्पा, झोप नाई झाली का?" घरातला टेबलफॅन लावताना त्याच्या जाळीवर दोनदा हलकेच थोपटत. एकदम बटण दाबणं म्हणजे झोपलेल्याला लाथ मारून उठवणं, असं त्यांचं म्हणणं. एसटीनं वर्ध्याला यायला निघाले आणि चढ लागला की स्वतः पुढे वाकत आणि शेजारच्यालाही वाकवत. "तिले बी ओझं हायच ना, थोडा हातभार लावा." शेजारचा नवखा असला तर वाकायचाही, कारण भाऊजींचा चेहरा थट्टा करणाऱ्याचा नव्हताच.

माणसांकडे बघायची नजरही काट्यावरचीच. माझ्यासाठी मुलगी बघून आलो तेव्हा घरातले रंगावर, नाकावर, शिक्षणावर बोलत बसले होते. भाऊजी एवढंच म्हणाले, "बावन्न किलो. साडीसकट." हे पुढे माझ्या बायकोच्या कानावर गेलं, आणि कित्येक वर्षं ती त्यांच्यासमोरून अंग चोरून जात असे. पण या नजरेची कधी कधी भीतीही वाटे. रस्त्यानं चांगला हिंडताफिरता माणूस चाललेला असायचा आणि भाऊजी ओट्यावरून हळूच म्हणायचे, "हलका होऊन राह्यला हा." मग उगीचच तो माणूस वळणाआड जाईपर्यंत त्याच्या पाठीकडे बघत राहावंसं वाटे.

अशा माणसाला त्यांच्या पुतण्यानं आखाती देशातून कॅमेरा आणून दिला. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा सुमार असेल. काळाभोर, साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा. तोवर आमच्याकडे फोटो म्हणजे स्टुडिओत जाऊन, पावडर लावून, काळ्या फडक्याखालच्या माणसानं सांगितलं तिकडे बघणं. पुतण्यानं समजावलं की यात काहीच करावं लागत नाही. माणूस जवळ आहे की दूर, ते हा स्वतःच बघतो आणि काच मागेपुढे करून घेतो. भाऊजी जागचे हलले नाहीत. "बघते? म्हंजे याले दिसते?" पुतण्या हसून "हो" म्हणाला आणि दोन दिवसांनी परत गेला. त्या 'हो'चं काय झालं ते आम्ही पुढं कित्येक वर्षं बघत होतो.

दिसतं म्हटल्यावर भाऊजींनी त्याची व्यवस्था माणसासारखीच लावली. बैठकीतल्या कोनाड्यात तो भिंतीकडे तोंड करून ठेवलेला असे, कारण घरात बायाबापड्या वावरतात. काढायचा झाला तर आधी खाकरायचे. मग डोळ्याला लावायचे आणि समोरच्याला "धरा श्वास" म्हणायचे. बटण दाबलं की आतून किर्रर्र असा बारीक आवाज येई, काच पुढे सरके, आणि नेमक्या त्या क्षणी, कॅमेरा आपल्याला नीट बघून घेतोय असं मलाही वाटून जायचं. मी वर्ध्याला सरकारी कचेरीत कारकून. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी मी श्वास धरत असे.

भाऊजी रोलच्या बाबतीत फार चिक्कू. पोळ्याला घातलेला रोल होळीपर्यंत पुरवायचे. पहिला रोल संपला तेव्हा घरात आठ-दहा माणसं होती. शेवटचा फोटो निघाला आणि कॅमेरा आपोआप रोल मागे गुंडाळायला लागला. तो लांबलचक घरघराट कोणी आधी ऐकलेला नव्हता. भाऊजींनी त्याला जमिनीवर ठेवलं, आम्ही सगळे भिंतीला टेकलो, आणि तो एकटाच मधोमध फरशीवर थरथरत राहिला. शेवटी तो थांबला. मग भाऊजी म्हणाले, "पोट भरलं त्याचं."

तो रोल धुवायला मीच घेऊन गेलो. रंगीत रोल वर्ध्याच्या दुकानातून पुढे नागपूरला जाई आणि आठवड्यानं पाकीट येई. त्यात तान्ह्या पोळ्याचा फोटो होता. सिंदीचा तान्हा पोळा म्हणजे काय ते बघितलेल्यालाच कळेल; पोरांचे लाकडी बैल कुठे बोटाएवढे तर कुठे घोड्याएवढे. फोटोत बैल, पोरं, मागचं तोरण सगळं लख्ख आलं होतं. पुढच्या कोपऱ्यात नातवाचा हात धरून समोरच्या घरातले म्हातारे मुकादम उभे होते, आणि ओल्या पाटीवरून हात फिरवावा तसा त्यांचा चेहरा पुसलेला होता. मुकादम संक्रांतीच्या आसपास वारले होते. त्याच रोलमध्ये गिरणीवाल्याची आई तशीच पुसट आलेली होती. तीही त्या हिवाळ्यात गेलेली.

आता यात काही गूढ नव्हतं. कॅमेऱ्यासोबत एक इंग्रजी पुस्तिका होती, ती मी वाचली होती. चौकटीच्या मधोमध जे येईल त्यावर हा नेम धरतो. मधे बैल असले तर बैल साफ, आणि कॅमेऱ्याला खेटून कडेला उभा राहिलेला म्हातारा पुसट. शिवाय एक रोल पोळा ते होळी पुरवला तर तेवढ्या काळात गावातली दोन म्हातारी माणसं जाणारच. हे मी भाऊजींना नीट समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग कडेले तं मुकादमाचा नातू बी होता. तो कसा साफ आला?" नातू साफ आला होता, हे खरंच. त्यानं आजोबाला मागे ओढलं असेल, तो थोडा मागे असेल, असं मी काहीतरी म्हणालो.

गावाला एवढं पुरे झालं. 'धुंदला आला तो गेला' हे सिंदीत पक्कं झालं. लोक फोटो घ्यायला येत, पण पाकीट स्वतः उघडायची छाती होत नसे. दारातूनच विचारत, "साफ आलो ना भाऊ?" साफ आलेला माणूस ओट्यावर बसून चहा मागायचा. लग्नाच्या घोळक्यात भाऊजींनी कॅमेरा काढला की सगळे मधल्या जागेसाठी एकमेकांना रेटायचे, आणि नवरानवरी कडेला जायची. एका जावयानं तर भाऊजींना बाजूला घेऊन, चहा पाजून, हळूच सुचवलं, "सासूचा काढतानी थोडा हात हालू द्या ना." भाऊजींनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. आणि एक म्हातारी रोज येऊन बसायची. तिची माणसं सगळी पुढे गेलेली. "मले धुंदली काढ रे बाबू, लय झालं आता." शेवटी भाऊजींनी तिचा फोटो काढला. ती इतकी साफ आली की एकूणएक सुरकुती दिसत होती. फोटो हातात धरून म्हातारी ओक्साबोक्शी रडली, आणि भाऊजी अपराध्यासारखे तिच्यापुढे उभे राहिले. "मी काय करू माय, त्यानं तुले ठेवलं."

हे सगळं मी कचेरीत रंगवून सांगत असे. हसूही यायचं. पण मग तीन भावांचा फोटो आला. तिघे एकाच बाकावर, खांद्याला खांदा लावून बसलेले. दोन्ही कडेचे साफ. मधल्याच्या शर्टाची बटणंसुद्धा साफ. चेहरा मात्र नव्हता. कॉलरच्या वर नुसतंच धुकं. मी पुस्तिका पुन्हा उलटीसुलटी करून वाचली. मान हलवली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. तो मधला भाऊ चाळिशीचा होता, त्याला काही आजार नव्हता. पाकीट आलं त्याच आठवड्यात तो शेताच्या विहिरीवर पाय घसरून गेला. त्यानंतर मी कचेरीत त्या कॅमेऱ्याची गोष्ट सांगितली नाही.

पुढच्याच वर्षी माझ्या मुलीचं बारसं झालं. भाऊजींनी फोटो काढले, आणि काही आठवड्यांनी एके दिवशी भर कामाच्या वेळी ते कचेरीत माझ्या टेबलापुढे येऊन उभे राहिले. न कळवता कधी न येणारा माणूस. आतल्या खिशातून पाकीट काढलं आणि एकच फोटो माझ्यापुढे ठेवला. पाळणा साफ, पाळणा म्हणणाऱ्या बाया साफ. पुढे घुगऱ्यांचं ताट घेऊन माझी ताई. तिचं लुगडं ओळखू येत होतं, एवढंच.

"ती फार जवळ आली होती भाऊजी. हलत होती, वाटत होती घुगऱ्या."

"आन हलकी झाली ते?" त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "चार किलो. मी काट्यावरचा माणूस हाव, मले कोण फसवीन?"

मी हसून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ते गेल्यावर मात्र मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दुसऱ्या दिवशी ताईला वर्ध्याला आणून डॉक्टरला दाखवलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. त्यांनी टॉनिक लिहून दिलं. खुद्द ताईला विचारलं तर ती वैतागून म्हणाली, "दिवसभर कोणी असं टक लावून पाह्यलं तं घास उतरंन का घशाखाली? रातच्याले उठून बी पाहते, मी हाव का नाई."

भाऊजींनी आता एकच ध्यास घेतला. ताई एकदा साफ यायला हवी. एकदा साफ आली की सुटली. त्या चिक्कू माणसानं आख्खा रोल एका बायकोवर घातला. ती चुलीपाशी, ती विहिरीवर, ती तांदूळ निवडताना. नीट दिसावी म्हणून ते जवळ जायचे. तेवढ्यानं भागेना म्हणून आणखी जवळ. ताई मला सांगायची, "भाकर थापतानी मान वर केली का तो कॅमेऱ्याचा काया डोया तोंडापुढं. किर्र करते आन पाहते." रोल धुऊन आला. मी तो दुकानातच उघडला आणि तिथल्या स्टुलावर बसलो. पहिल्या फोटोत ताई थोडी पुसट होती, पुढच्यात जास्त, त्याच्या पुढच्यात त्याहून जास्त. शेवटच्या काहींत माणूसच नव्हता. एक फिकट डाग, आणि त्यात कुंकवाचा लाल ओघळ.

कारण मला ठाऊक होतं. तीन फुटांच्या आतलं या कॅमेऱ्याला दिसत नाही. जितकं जवळ जावं तितकं पुसट. पुस्तिकेत स्वच्छ छापलेलं होतं. तरीही ते फोटो मी सिंदीला पाठवले नाहीत, स्वतःच घेऊन गेलो.

वैशाख होता. आमच्याकडची वैशाखातली दुपार ज्यानं बघितली आहे त्याला भुतांसाठी अमावास्येची वाट बघावी लागत नाही. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बाजार बंद, दारं बंद, आणि उन्हात गाव असं पांढरं पडलेलं की आपली सावलीही पायाखाली दडून बसलेली. भाऊजी ओट्यावर उघड्यावरच बसले होते. त्यांचंच वजन किती उतरलं होतं ते सांगायला काटा लागत नव्हता. त्यांनी फोटो एकेक करून बघितले आणि जमिनीवर पालथे ठेवले.

"जवळ गेल्यावर माणूस जास्त दिसाले पाह्यजे का कमी?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना सगळं पुन्हा शिकवलं. मधल्या चौकटीत ताईला धरायचं. बटण अर्धंच दाबायचं, हिरवा दिवा लागला की नेम बसला. मग बोट न उचलता कॅमेरा कुठंही फिरवा, तो नेम सोडत नाही. आणि मुख्य म्हणजे लांब उभं राहायचं. भाऊजींनी एकदाच करून बघितलं आणि त्यांना ते आलं. एवढी वर्षं त्याला देव मानला म्हणून त्याची कळ शिकायचं राहून गेलं होतं, बाकी माणूस यंत्रातलाच.

"म्हंजे आपण सांगू त्याले धरते हा?"

"हो. आणि नेम धरलेला नसेल तो पुसट."

ते उठून आत बैठकीत आले. मग ताईला हाक मारली आणि बैठकीच्या आतल्या दारात उभं केलं. कूलर घरघरत होता. त्यांनी लांबून तिचा एक फोटो काढला. नव्या रोलमधले बरेच फोटो शिल्लक होते, पण कॅमेरा माझ्या हातात देऊन म्हणाले, "आता आमचा दोघायचा काढ. तिच्यावर धर. धरला का? सोडू नको."

मी बटण अर्धं दाबलं. किर्रर्र झालं, हिरवा दिवा लागला. भाऊजी ताईकडे चालत जातील म्हणून मी वाट बघत होतो. ते गेले नाहीत. ते माझ्या अगदी जवळ, काचेला खेटून, कडेला येऊन उभे राहिले. इतके जवळ की त्यांच्या सदऱ्याचा घामाचा वास आला.

"भाऊजी, तिकडे जा ना. इथे तुम्ही धुंदले याल."

"तेच म्हणून राह्यलो," ते कुजबुजले. "त्याच्या मनात आमच्या घरचं कोणी घ्याचंच असंन, तं माहं नाव लिव. दाब."

"काय कुजबुजून राह्यले तुमी दोघं?" ताई दारातून ओरडली. "चुलीवर दूध हाय माहं!"

माझी मती गुंग झाली होती. खोलीत कूलरच्या आवाजाशिवाय काही नव्हतं, आणि माझ्या हातातली ती काळी वस्तू गरम लागत होती. भाऊजींनी माझ्या बोटावर आपलं बोट ठेवलं आणि दाबलं.

फोटो आला. ताई दारात उभी, कपाळावरच्या बटेसकट, ओरडायला उघडलेल्या तोंडासकट लख्ख. आणि अर्ध्या फोटोवर एक मोठा पुसट गोळा. भाऊजींनी तो बघितला आणि लहान मुलासारखे टाळ्या पिटून हसले. त्या रात्री ते भरपेट जेवले, आणि ताईही जेवली, कारण आता तिच्याकडे कोणी टक लावून बघत नव्हतं. दिवाळीपर्यंत तिचे चारच्या जागी सहा किलो भरून आले, हे त्यांनीच मला अभिमानानं सांगितलं.

स्वतः मात्र ते निघायच्या तयारीला लागले. गावातल्या सगळ्यांची माफी मागून झाली. ज्या जावयाशी बोलणं टाकलं होतं त्याच्याशीही बोलले. चांगली छत्री मला देऊन टाकली. मग पोळा गेला, होळी गेली, पुन्हा पोळा आला आणि भाऊजी आपले ठणठणीत. लोक विचारायला लागले, "काऊन भाऊ, गेले नाई अजून?" भाऊजी खरोखरच ओशाळायचे. एकदा मला म्हणाले, "छत्री वापस देतो का? पावसाया आला." मी दिली. त्यांनी कॅमेऱ्याला पुन्हा हात लावला नाही. तो कोनाड्यात भिंतीकडे तोंड करून राहिला आणि त्यातले सेल गळून आत हिरवे झाले. त्यानंतर काही वर्षांनी भाऊजी गेले, साध्या तापानं, भर दुपारी. त्याचा त्या फोटोशी काही संबंध नाही असं मी मानतो. चारचौघांत मानतो. एकटा असलो की ताई आहे, ऐंशी ओलांडून चालतीबोलती आहे, एवढंच मनात येतं आणि पुढचा विचार मी करत नाही.

भाऊजी गेल्यावर हार घालायला फोटो हवा होता. तेव्हा कळलं की गावभर फोटो काढलेल्या या माणसाचा स्वतःचा एकही फोटो नाही, तो एक सोडून. वर्ध्याचा स्टुडिओवाला म्हणाला, ब्रशनं चेहरा काढून देतो, कोणाला कळणार नाही. ताई नको म्हणाली. तोच मोठा करून भिंतीवर लावला. नवा पाहुणा आला की हार घातलेल्या त्या गोळ्याकडे बघतो, मग दारातल्या जित्याजागत्या ताईकडे, आणि कोणाला हात जोडायचे ते न कळून दोघांनाही जोडतो.

मागल्या महिन्यात सिंदीला गेलो होतो. ताई फोटोखाली खुर्ची टाकून बसली होती. मी न राहवून म्हणालो, "ताई, भाऊजींचा चेहरा यायला हवा होता ग. इतक्या जवळून जरा तरी यायला हवा होता. काहीच कळत नाही."

"तुले काय दिसते त्याच्यात?" तिनं विचारलं.

मी चष्मा लावून बघितलं. इतक्या वर्षांत कधी नीट बघितलंच नव्हतं. पुसट गोळ्याच्या कडेला काहीतरी फिकट, वाकडं होतं. तो कान होता.

"तोंड माह्याकडं होतं ना त्यायचं," ताई म्हणाली. "तू बटन दाबलं आन हे कॅमेऱ्याकडं पाहाचं सोडून वळून माह्याकडं पाहून राह्यले. मी दुधासाठी ओरडून राह्यली आन हे मले पाहून हासून राह्यले. मले तवा लय राग आलता." तिनं मान वर करून फोटोकडे बघितलं. "मले साफ दिसले ते."

मग ती उठून चहा ठेवायला आत गेली. मी फोटोखाली तसाच बसून राहिलो. मला भाऊजींची फार आठवण आली.